अब्रू नक्की कुणाची गेली?

पुस्तक दुकानात यायच्या आधीच त्याच्यावर भडकायचं, ही काही फक्त आपलीच खासियत नाही. जानेवारी २००२ मध्ये लंडनच्या एका दैनिकात अँटनी बीव्हर या इतिहासकाराच्या येऊ घातलेल्या पुस्तकाची बातमी छापून आली. पुस्तकाचं नाव ‘बर्लिन : द डाउनफॉल १९४५’. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या लढाया, आणि त्या लढायांच्या मागोमाग लाल सेनेतल्या सैनिकांनी बायकांवर केलेले बलात्कार, असं दोन्ही त्यात येणार होतं. बातमी येते न येते तोच ब्रिटनमधले रशियाचे राजदूत ग्रिगोरी कारासिन यांचं पत्र त्याच दैनिकात झळकलं. हे खोटं आहे, ही बदनामी आहे, एवढं म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी ‘ब्लास्फेमी’ हा शब्द वापरला.

त्या शब्दापाशी मी अडले. आम्हांला कॅटेकिझमच्या वर्गात हा शब्द देवाच्या बाबतीत शिकवलेला. देवाची निंदा ती ईशनिंदा; माणसाची निंदा केली तर ती चहाडी, खोटी साक्ष, वगैरे. तिला आठवी आज्ञा आहे. सैन्याबद्दल बोलणं ईशनिंदेत जमा करायचं म्हटलं की सैन्य देव्हाऱ्यात जाऊन बसतं, आणि देव्हाऱ्यातल्याला ‘तुम्ही हे केलंत का?’ असं विचारता येत नाही. मग पुरावे चाळायचं कामच उरत नाही.

पुस्तक जुनं झालंय, त्यामुळे त्याचं परीक्षण करायला मी बसलेली नाही. मला लिहायचंय ते त्याच्या वाचकांबद्दल. कुणाला काय झोंबलं, कुणी काय गाळून वाचलं, आणि त्यावरून आपण युद्धाचा इतिहास कशासाठी वाचतो हे काही कळतं का, याबद्दल.

आधी लढाईबद्दल थोडं सांगायला हवं. १६ एप्रिल १९४५ च्या पहाटे मार्शल झुकोव्ह यांनी ओडर नदीच्या पश्चिमेला झेलो नावाच्या टेकड्यांवर हल्ला चढवला. संपूर्ण बर्लिन मोहिमेत सोव्हिएत बाजूचे जवळपास पंचवीस लाख सैनिक होते. झुकोव्ह यांनी १४३ सर्चलाइट एकदम पेटवले. कल्पना अशी की जर्मनांचे डोळे दिपतील. झालं उलटंच. त्यांच्याच तोफखान्याने उडवलेल्या धुळीवर आणि धुरावर तो उजेड आपटला आणि त्यांच्याच पायदळाला समोरचं दिसेना. टेकड्या हाती यायला चार दिवस लागले. तिकडे दक्षिणेला मार्शल कोनेव्ह झपाट्याने पुढे सरकत होते, आणि स्टालिनने दोन मार्शलांमध्ये शर्यत लावून दिली. २ मे रोजी बर्लिन पडलं. या तीन आठवड्यांच्या मोहिमेत सोव्हिएत बाजूचे ७८ हजारांहून अधिक सैनिक मेले. हा आकडा रशियाच्याच लष्करी मोजदादीतला आहे. युद्ध जिंकल्यात जमा असताना, शेवटच्या तीन आठवड्यांत इतकी माणसं.

आमच्या मंडळाच्या वाचनगटात हे पुस्तक दोन महिने फिरलं. नकाशे सगळ्यांनी पाहिले. झुकोव्ह बरोबर की कोनेव्ह, यावर कँटीनमध्ये दोन दुपारी गेल्या. (ह्या भांडणात आपण एकटे नाही. फेब्रुवारीतच बर्लिन घेता आलं असतं असं जनरल चुइकोव्ह यांनी १९६०च्या दशकात आठवणींत लिहिलं, आणि झुकोव्ह त्यावर असे उसळले की दोघांचं वैर जगजाहीर झालं. तेव्हा सेनापतीसुद्धा आपल्यासारखेच वाचक असतात.) एकाला युरेनियमचं प्रकरण फार आवडलं. बर्लिनच्या डालेम भागात भौतिकशास्त्राची कैसर विल्हेल्म संस्था होती. तिथलं युरेनियम अमेरिकनांच्या आधी आपल्या हाती यावं हेही स्टालिनच्या घाईचं एक कारण होतं, असं बीव्हर यांचं म्हणणं. थरारपटाला शोभेल असा भाग आहे, मान्य.

पण त्याच डालेममध्ये ‘हाउस डालेम’ नावाचा सिस्टरांचा एक आश्रम होता. प्रसूतिगृह आणि अनाथालय. आमच्या गटात त्याच्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मी तिथून पुढे दोन दिवस वाचू शकले नाही, याचं कारण सरळ आहे: मी सिस्टरांच्या शाळेत शिकले, प्रसूतिगृह चालवणाऱ्या सिस्टर मी रोज पाहिल्यात. बीव्हर लिहितात की आधी आलेली सोव्हिएत तुकडी शिस्तीची होती. तिच्यातल्या अधिकाऱ्यांनीच मदर सुपिरियरना, सिस्टर कुनिगुंडे यांना, सावध केलं, की आमची माणसं चांगली आहेत, पण मागून जे येतायत ते तसे नाहीत. मागून ते आले. सिस्टर, मुली, म्हाताऱ्या, गरोदर बायका, नुकत्याच बाळंत झालेल्या बायका, कुणीही सुटलं नाही.

एकाच भागातल्या दोन इमारती. एकीत युरेनियम सापडलं, ते आम्ही लक्षात ठेवलं. दुसरीचं पान उलटलं.

आता रशियन वाचकाची बाजू. तिच्याकडे दुर्लक्ष करून बोलणं मला बरोबर वाटत नाही, कारण ती बाजू साधीसुधी नाही. त्या युद्धात सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक गेले. लेनिनग्राड उपाशी मेलं. बेलारूसमध्ये गावंच्या गावं माणसांसकट जाळली गेली. आउशविट्झचं दार २७ जानेवारी १९४५ रोजी उघडलं ते लाल सेनेने. ज्या घरातला आजोबा ओडरच्या काठावर पुरलेला आहे, फोटो भिंतीवर आहे, दर ९ मेला त्याला फुलं वाहिली जातात, त्या घरातल्या नातीच्या हातात हे पुस्तक पडलं तर तिला ते अंगावर आल्यासारखं वाटेल. यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

बेळगावात राहून तर हे जास्तच कळतं. इथे मराठा सेंटर आहे. माझ्या वर्गात निम्म्या जणींच्या नात्यात कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होता. महायुद्धाच्या त्या शेवटच्या एप्रिलमध्ये आपली माणसंही लढत होती. झेलोच्या बरोब्बर एक आठवडा आधी, ९ एप्रिल १९४५ रोजी, इटलीत सेनिओ नदीवर मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी साथीदारांना गोळीबारातून वाहून आणलं, मग एकट्याने शत्रूच्या मशीनगनच्या जागा निकामी केल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ही गोष्ट इथली पोरं अभिमानाने सांगतात आणि सांगावीच. गटातली माझी एक मैत्रीण फौजीची मुलगी. हाउस डालेमचं पान मी तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “असलं कशाला वाचायचं गं? लढाई वाच की. सैनिक मरायला जातो, त्याच्या मागे हे कशाला चिकटवायचं?”

तिच्या या प्रश्नाला ‘तुला सत्य नको आहे’ असं उत्तर देणं उद्धटपणाचं झालं असतं. मी पुस्तकातच उत्तर शोधलं, आणि ते सापडलं रशियन माणसांकडे.

लेव्ह कोपेलेव्ह हे लाल सेनेत मेजर होते. पूर्व प्रशियात आपल्याच सैनिकांची लूट आणि बलात्कार पाहून त्यांनी विरोध केला. एप्रिल १९४५ मध्ये, बर्लिनची लढाई तोंडावर असताना, त्यांना अटक झाली. गुन्हा काय, तर ‘बूर्झ्वा मानवतावाद’ पसरवणं आणि शत्रूबद्दल दया दाखवणं. पुढची सुमारे नऊ वर्षं ते तुरुंगांत आणि छावण्यांत होते. (सोल्झेनित्सिन यांच्या ‘द फर्स्ट सर्कल’ कादंबरीतला रुबिन यांच्यावरूनच घडवलेला आहे. टी.वाय.च्या मुलांनी ती वाचली असेल तर आठवेल.) सोल्झेनित्सिन स्वतः त्याच पूर्व प्रशियात तोफखान्याचे कॅप्टन होते आणि तिथे जे पाहिलं त्यावर त्यांनी दीर्घकविता लिहिली. वासिली ग्रॉसमन हे लाल सेनेच्या वर्तमानपत्राचे युद्धवार्ताहर. स्टालिनग्राड त्यांनी पाहिलं, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीवर अगदी सुरुवातीला लिहिणाऱ्यांत ते एक. स्वतः ज्यू, आईला नाझींनी मारलेलं. जर्मनांवर डूख धरायचा अधिकार कुणाला असेल तर या माणसाला होता. त्यांच्या वह्यांमध्येसुद्धा जर्मनीत शिरल्यावर बायकांचं काय झालं याच्या नोंदी आहेत. तेव्हा छापता येणं शक्य नव्हतं; त्यांनी लिहून ठेवलं.

म्हणजे ‘परक्यांनी रचलेली बदनामी’ हा आक्षेप इथे लागू पडत नाही. ही साक्ष घरातली आहे.

आणि माझ्या मैत्रिणीला मी सांगितलं ते हे: काही घडलंच नाही असं म्हटलं, तर कोपेलेव्हनी नऊ वर्षं कशासाठी काढली? डालेमला येऊन सिस्टरांना सावध करणारे ते अधिकारी, ते कशाबद्दल सावध करत होते? सैन्याचा मान राखायचा म्हणून सगळं नाकारलं की पुसले जातात ते सैन्यातले सगळ्यात चांगले लोक. गुन्हेगार झाकले जातात आणि ज्यांनी हात अडवला त्यांनाच इतिहासातून बाहेर काढलं जातं. फौजेचा खरा अभिमान असेल तर तो कोपेलेव्हचा वाटायला नको का? तिने लगेच मान डोलावली असं नाही. “बघू,” म्हणाली आणि पुस्तक घेऊन गेली. घेऊन गेली हे मला पुरेसं होतं.

सूडाचा मुद्दा राहतो. नाझींनी रशियात जे केलं त्याचा हिशोब चुकता झाला, असं सांगणारे वाचक पुष्कळ आहेत, आपल्याकडेही आहेत. माझ्याच गटात एकजण म्हणाला, “त्यांनी काय कमी केलं होतं?” इथे बीव्हर यांच्या पुस्तकातला जो कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पुढे करावासा वाटतो. तो सोव्हिएत सेनेच्याच राजकीय विभागाचा, मार्च १९४५ चा अहवाल आहे. जर्मनांनी वेठबिगारीसाठी धरून नेलेल्या रशियन, युक्रेनी, बेलारूशियन मुली, ज्यांना लाल सेनेने सोडवलं, त्यांच्यावरही सोडवणाऱ्यांनीच बलात्कार केले, असं त्यात आपल्या वरिष्ठांना कळवलेलं आहे. त्या मुलींनी कुणाचं काय केलं होतं? तीन-चार वर्षं आपली माणसं येतील म्हणून वाट पाहिली, इतकंच. सूडाच्या हिशोबात ही रक्कम कुठल्या खात्यात मांडायची? राजदूतांच्या संतापामागे ही नोंदच असावी असं मला वाटतं, कारण शत्रूच्या बायकांबद्दल काही ना काही सबब सांगता येते. या मुलींबद्दल कुठलीच सांगता येत नाही.

पण गप्प बसवणारे फक्त जिंकलेल्या बाजूचे होते असंही नाही. बर्लिनच्या एका बाईने २० एप्रिल ते २२ जून १९४५ या काळात रोजनिशी लिहिली. तळघरात, मेणबत्तीच्या उजेडात, मिळेल त्या कागदावर. स्वतःवर झालेले बलात्कार, शेजारणींवर झालेले, आणि जगायचं म्हणून एका अधिकाऱ्याच्या आश्रयाला जायचा घेतलेला निर्णय, हे तिने कुठेही गळा न काढता, मधूनमधून चक्क विनोद करत लिहिलंय. निनावी पुस्तक म्हणून ते आधी इंग्रजीत आलं आणि १९५९ मध्ये जर्मनमध्ये. जर्मन वाचकांनी ते कसं घेतलं? लेखिका निर्लज्ज आहे, तिने जर्मन स्त्रीच्या नावाला काळिमा फासला, अशी टीका झाली. आपण जिवंत असेपर्यंत हे पुन्हा छापायचं नाही, असं तिने ठरवलं. २००१ मध्ये ती गेली. २००३ मध्ये पुस्तक पुन्हा निघालं आणि तेव्हा मात्र हातोहात खपलं. त्याच वर्षी तिचं नाव शोधून काढून छापण्यात आलं. मी ते इथे लिहीत नाही. तिला नको होतं.

या दोन प्रतिक्रिया शेजारी ठेवून पाहा. १९५९ चा जर्मन वाचक आणि २००२ चे रशियन राजदूत. हाडवैरी देश, एकाचा पराभव तर दुसऱ्याचा विजय. आणि दोघांची तक्रार एकच: आमची अब्रू गेली.

अब्रू हा शब्द मराठीत फार चमत्कारिक आहे. घराण्याची अब्रू असते, गावाची असते, सैन्याची असते. कोर्टात अब्रूनुकसानीचा दावा लावता येतो. आणि बलात्कार झाला की जुन्या कादंबऱ्यांत, सिनेमात, बायकांच्या दबक्या बोलण्यात ‘तिची अब्रू लुटली’. म्हणजे ज्याने केलं त्याचं काहीच गेलं नाही, जिच्यावर झालं तिचं गेलं. कायद्याच्या भाषेतला ‘विनयभंग’ घ्या. तिथेही भंगतो तो बाईचा विनय. हल्ली वर्तमानपत्रं सगळ्याला ‘अत्याचार’ म्हणतात. अंगावर पांघरूण घातल्यासारखा शब्द आहे, आत काय आहे ते दिसू नये असा. बर्लिनमध्येही हेच झालं. जर्मन पुरुष युद्धातून परतले तेव्हा बायकांनी हे बोलू नये अशीच त्यांची इच्छा होती, कारण बोललं तर त्यांची, पुरुषांची, अब्रू जाणार होती. रशियात बोलू नये कारण सैन्याची जाणार. दोन्हीकडच्या अब्रूचं ओझं वाहायला एकच माणूस नेमलेला: ती बाई, आणि तिने ते तोंड मिटून वाहायचं.

म्हणून मला बीव्हर यांच्या पुस्तकावरच्या रागाकडे नुसता ‘राष्ट्रवाद’ म्हणून पाहता येत नाही. राष्ट्रवाद वरवरचा आहे. त्याच्या खाली हा जुना समज बसलेला आहे, की अशी गोष्ट सांगण्याने कुणाची तरी बेअब्रू होते. घडल्याने नाही, सांगण्याने.

रागाचं पुढे काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. २०१४ मध्ये रशियात दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत संघाच्या वागण्याबद्दल ‘जाणूनबुजून खोटी’ माहिती पसरवण्याविरुद्ध तुरुंगवासाची तरतूद असलेला कायदा झाला. खोटं काय ते अर्थात सरकार ठरवणार. २०१५ मध्ये रशियातल्या स्वेर्दलोव्स्क प्रांताच्या शिक्षण खात्याने बीव्हर आणि जॉन कीगन या इतिहासकारांची पुस्तकं शाळा-कॉलेजांच्या वाचनालयांतून काढायला सांगितलं. आणि २०१८ मध्ये युक्रेनने, रशियाशी आधीच वैर झालेल्या युक्रेनने, बीव्हर यांच्याच ‘स्टालिनग्राड’च्या रशियन भाषांतरावर आयातबंदी घातली. कारण? १९४१ मध्ये बिला त्सेरक्वा इथे नव्वद ज्यू मुलांना गोळ्या घालण्यात युक्रेनी पोलिसांचा हात होता, असा त्यात उल्लेख आहे. एकमेकांचं तोंड न पाहणारे दोन देश एकाच लेखकावर चिडतात तेव्हा त्या लेखकाने काहीतरी नीट केलं असावं, असा माझा भाबडा अंदाज आहे.

मात्र पुस्तक डोक्यावर घेणारे सगळे वाचक शहाणे, असं मी मुळीच म्हणणार नाही. एक जात अशी आहे की तिला ही प्रकरणं वाचून मनातून बरंच वाटतं. ‘बघा, रशियन तरी काय वेगळे होते? दोघंही सारखेच.’ आपल्याकडे हिटलरचं आत्मचरित्र पुस्तकांच्या ठेल्यावर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मिळतं, तेव्हा असे वाचक आपल्याला दूर शोधायला नकोत. त्यांनी बीव्हर अर्धेच वाचलेत. वेळ होती तोवर नागरिकांना पूर्व प्रशियातून निघू न देणारे नाझी अधिकारी, शाळकरी पोरांच्या हातात रणगाडाविरोधी शस्त्रं देऊन त्यांना मरायला पाठवणारे नेते, पळणाऱ्या स्वतःच्याच सैनिकांना दिव्याच्या खांबांना लटकवणारे एसएसवाले, हे सगळं त्याच पुस्तकात आहे. त्या बायकांना त्या तळघरात आणून सोडलं कुणी, हा प्रश्न टाळून त्यांच्याबद्दल गहिवर काढता येत नाही. त्या सिस्टरांचं दुःख नाझींच्या वकिलीसाठी वापरणं हाही त्यांच्यावरचा एक जुलूमच आहे.

आकड्यांवरचा आक्षेप मला योग्य वाटतो. बर्लिनसाठी तिथल्या दोन मोठ्या इस्पितळांचे अंदाज ९५ हजार ते १ लाख ३० हजार असे होते. संपूर्ण जर्मनीसाठी जो वीस लाखांचा आकडा सांगितला जातो, तो थोड्या नोंदींवरून वाढवत नेलेला आहे, आणि कसा वाढवला हे वाचकाने विचारायलाच हवं. २०१५ मध्ये मिरियम गेबहार्ट या जर्मन इतिहासकार बाईंनी चारही विजेत्या सैन्यांचा मिळून ८ लाख ६० हजारांचा अंदाज मांडला, त्यात अमेरिकन सैनिकांच्या वाट्याला १ लाख ९० हजार येतात. यावरही वाद आहेत. असे वाद करणं म्हणजे नाकारणं नव्हे. ‘वीस लाख कशावरून?’ हा इतिहासाचा प्रश्न आहे. ‘असं बोलायची हिंमत कशी झाली?’ हा नाही.

त्या लढाईचा जगभर माहीत असलेला फोटो आठवा. राइशस्टागच्या छपरावर लाल झेंडा उभारणारे सैनिक, खाली जळकं बर्लिन. तो येव्गेनी खाल्देई यांनी २ मे रोजी काढला. झेंडा धरणाऱ्याला खालून आधार देणाऱ्या माणसाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती. एक घड्याळ कदाचित होकायंत्र असेल असंही सांगतात. पण दोन घड्याळं म्हणजे लूट, असं कुणी म्हणेल म्हणून छापायच्या आधी त्यातलं एक खरवडून काढलं गेलं. घड्याळ राहू दिलं असतं तर झेंडा कमी उंच दिसला असता का? मला नाही वाटत. जिंकलेला माणूस थोडा जास्त माणसासारखा दिसला असता, इतकंच.

आता आपल्याकडे. मराठी वाचकाला युद्धातल्या पराभवाबद्दल वाचायची उत्तम सवय आहे. पानिपत आपल्या बोलण्यात आहे, म्हणींत आहे. शेजवलकरांनी त्याचा काटेकोर अभ्यास केला, विश्वास पाटलांची कादंबरी घराघरांत गेली. हरलेली लढाई वाचताना आपल्याला त्रास होतो, पण लाज वाटत नाही. प्रश्न येतो तो आपण जिंकत होतो तिथला. १७४२ पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर जात राहिल्या. आपल्याला त्यातलं काय आठवतं? चौथाई, ओडिशा, आणि अलिवर्दीखानाने भेटीला बोलावून दग्याने मारलेले भास्करपंत. बंगालला काय आठवतं? बर्गी. हा आपलाच शब्द आहे, ‘बारगीर’. म्हणजे सरकारी घोड्यावरचा स्वार. तिकडे तो अंगाईगीतात जाऊन बसलाय. बाळ झोपलं आणि बर्गी आले, अशा अर्थाचं गाणं आजही तिथल्या आया म्हणतात. गंगाराम नावाच्या कवीने त्या स्वाऱ्यांवर काव्य लिहिलं, ‘महाराष्ट्र पुराण’. त्यात जाळलेली गावं आहेत, तोडलेले हात-नाक आहेत, आणि बायकांवरचे सामूहिक बलात्कार आहेत. ते बर्लिनच्या जवळजवळ दोनशे वर्षं आधीचं आहे, आणि वाचताना अंगावर येतं ते तेच.

हे लिहिताना मला माहीत आहे की कुणीतरी म्हणणार, ‘तुझं काय जातंय? तू ख्रिस्ती.’ ही प्रतिक्रिया मला नवीन नाही. म्हणून सांगते: अ. का. प्रियोळकरांचं गोव्यातल्या इन्क्विझिशनवरचं पुस्तक मी गेल्या वर्षी वाचलं आणि घरी जेवताना त्यातलं वाचूनही दाखवलं. जेवण गारठलं. आजी म्हणाली, “असलं आपण कशाला उगाळायचं गं, बाकीचे आहेत की उगाळायला.” हुबेहूब माझ्या मैत्रिणीचा सूर. पण मार्च २००० मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल जाहीर क्षमा मागितली होती, आणि त्याने चर्च काही कोसळलं नाही, हे मी आजीला सांगितलं. तिने पुढचा घास घेतला. मुद्दा असा की माझंही जातंय. प्रत्येकाच्या घरी एक हाउस डालेम असतं. आपण त्यात कुठल्या बाजूने शिरलो होतो एवढाच फरक.

कुणी म्हणेल, हे विद्यापीठातल्या मंडळींचं काम, आपण सामान्य वाचक. पण पुस्तक जाळायला, काढायला, संस्था फोडायला जी गर्दी येते ती सामान्य वाचकांच्याच नावाने येते. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेत जी मोडतोड झाली, तिथे आलेल्यांपैकी किती जणांनी ते वादग्रस्त पुस्तक उघडून पाहिलं होतं? हस्तलिखितांचं जे नुकसान झालं ते मात्र आपल्याच इतिहासाच्या साधनांचं होतं.

गंगारामाचं ‘महाराष्ट्र पुराण’ एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये इंग्रजीत आणलं. आकाराने छोटं आहे. वाचनगटाच्या पुढच्या सत्राच्या यादीत मी ते सुचवलंय. युरेनियमवाला म्हणाला, त्यात नकाशे आहेत का? नसले तर आपण काढू. फौजीच्या मुलीने बीव्हर अजून परत केलेलं नाही. शेवटची शंभर पानं राहिलीत म्हणते. ज्यांना यायचंय त्यांनी वाचनालयाच्या फळ्यावर नाव लिहावं. आधी वाचून यावं, मग हवं तेवढं भांडावं.